पेठेतला कला-वारसा महोत्सव : स्वयंसेवकांच्या बळावर भरवताना कामांचा क्रम कसा ठेवावा

पुण्याच्या पेठांमधून दोन-तीन दिवसांचा कला आणि वारसा महोत्सव भरवू इच्छिणारे गट बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतात. पहिल्याच बैठकीत कलाकारांची नावे निघतात, दुसऱ्या बैठकीपर्यंत कोणीतरी एका गायकाला शब्द देऊन बसलेले असते, तिसऱ्या बैठकीत भित्तिपत्रकाचा मजकूर ठरतो. ज्या वाड्यात हे सारे घडायचे आहे त्याच्या मालकाची लेखी संमती, ज्यांच्या खांद्यावर काम पडणार आहे ती माणसे आणि ज्यांच्यावाचून ध्वनिक्षेपक सुरूच करता येत नाही त्या परवानग्या, या तिन्ही गोष्टींचा विचार अखेरच्या तीन आठवड्यांवर ढकलला जातो. मग कार्यक्रम रद्द होतात, किंवा पाच-सहा माणसे सगळे ओझे उचलून इतकी थकतात की पुढच्या वर्षी तो गटच उरत नाही.

पुढील क्रम पगारी व्यवस्थापक नसलेल्या, रहिवासी, विद्यार्थी आणि मंडळांचे कार्यकर्ते मिळून चालवणार असलेल्या महोत्सवासाठी आहे. क्रम बदलू नये. कार्यक्रमपत्रिका सहाव्या टप्प्यावर येते, आणि ती तिथेच यायला हवी.

टप्पा १ : तारीख उलट्या मोजणीने ठरवा

महोत्सवासाठी पुण्यात नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीअखेर हा काळ सोयीचा असतो. पावसाळ्यात वाड्याच्या उघड्या चौकात काही करता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, आणि त्या काळात वस्तीत संध्याकाळी ध्वनिक्षेपक लावणे नियमांत बसले तरी शेजाऱ्यांच्या दृष्टीने योग्य नसते. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह आणि १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन या तारखांचा मोह अनेकांना पडतो. मात्र एप्रिलमध्ये दुपारी चार वाजतासुद्धा दगडी फरसबंदीवर लोकांना उभे करणे कठीण जाते, आणि दिवाळी उशिरा आली तर नोव्हेंबरच्या सप्ताहाआधी तयारीला दिवसच उरत नाहीत.

जानेवारीचा तिसरा आठवडा धरला तर पाच महिने मागे जाऊन ऑगस्टपासून तयारी करता येईल, असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात पुण्यातला कार्यकर्ता मांडव उभारणीपासून विसर्जनानंतरच्या हिशेबापर्यंत गणेशोत्सवात असतो, नंतर नवरात्र येते, मग दिवाळी. म्हणजे पाचपैकी कामाचे महिने जेमतेम तीन. हे धरून जागेच्या मालकांशी बोलणी गणेशोत्सवाच्या आधी सुरू करावीत, आणि स्वयंसेवकांची पक्की नोंदणी दसऱ्यानंतर करावी. डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो. शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम करायचा असेल, तर त्या आठवड्यात साथीदार आणि श्रोते दोघेही तिकडे असणार, हे गृहीत धरावे.

> तपासणी : ठरवलेल्या तारखेला निवडणुकीची आचारसंहिता लागू असण्याची शक्यता आहे का? असल्यास उद्घाटनाचे पाहुणे, फलक आणि महापालिकेची मदत, या तिन्ही बाबतींत अडचण येते. पर्यायी तारीख आताच ठरवून ठेवा.

टप्पा २ : जागा पाहा, आणि संमती लेखी घ्या

जागेची मालकी कोणाकडे, यावर पुढचे सारे काम ठरते, म्हणून पहिल्या बैठकीआधीच ही चौकशी करावी.

शनिवारवाडा आणि पाताळेश्वर लेणी ही केंद्र संरक्षित स्मारके आहेत. १९५८च्या प्राचीन स्मारके अधिनियमाखाली केलेल्या १९५९च्या नियमांनुसार अशा स्मारकात सभा, समारंभ किंवा करमणुकीचा कार्यक्रम पूर्वपरवानगीवाचून घेता येत नाही, आणि ही परवानगी स्थानिक कार्यालयात एका भेटीत मिळणारी नव्हे. पहिल्या वर्षी स्मारकाच्या आतल्या कार्यक्रमाचा हट्ट धरू नये. तिथे फक्त वारसा फेरी न्यावी, तिकीट असल्यास रीतसर काढावे, आणि कार्यक्रम दुसरीकडे घ्यावेत. विश्रामबागवाडा महापालिकेच्या ताब्यात असल्याने त्याचा अर्ज महापालिकेकडे जातो. मंदिराच्या आवारासाठी विश्वस्तांचा ठराव लागतो. पुजाऱ्यांचा तोंडी होकार पुरत नाही.

खासगी वाड्याचे काम सर्वांत नाजूक. एकाच वाड्याला चार चुलत भावंडे सहमालक, खाली दोन दुकाने, मागच्या सोप्यात जुने भाडेकरू आणि न्यायालयात चाललेला दावा, ही पेठांमधली नेहमीची स्थिती आहे. थोरल्या मालकांनी चहा पाजून आनंदाने होकार दिला, तरी तो सर्वांचा होकार ठरत नाही. शक्य तितक्या सहमालकांच्या सह्या घ्याव्यात, आणि भाडेकरूंना स्वतंत्रपणे भेटून त्या दोन दिवसांत त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेचे, नळाच्या वेळेचे आणि गाड्यांचे काय होणार, ते सांगावे. महोत्सवाच्या दिवशी तक्रार करतो तो बहुधा भाडेकरू, आणि ती तक्रार रास्त असते, कारण त्याला कोणी विचारलेलेच नसते.

संमतीपत्रात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात : वापरायचा भाग (चौक, ओसरी, दर्शनी ओटा), वापरायचा नसलेला भाग, मांडणीपासून आवराआवरीपर्यंतच्या तारखा आणि तास, वीज कोणाच्या मीटरवरून घेणार, मोडतोड झाल्यास भरपाई कोण देणार, आणि छायाचित्रे प्रसिद्ध करण्यास परवानगी आहे की नाही.

> सावधान : संमतीपत्र हातात येईपर्यंत जागेचे नाव कुठेही छापू नका, आणि समाजमाध्यमांवरही टाकू नका.

टप्पा ३ : माणसे मोजा, मग महोत्सवाचा आकार ठरवा

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. महोत्सव किती मोठा करायचा हे उत्साहावरून ठरवू नये. भरवशाची किती माणसे किती तास उभी राहणार, यावरून ते ठरते.

हिशेब असा करावा. समजा, दोन दिवस, चार जागा, आणि प्रत्येक जागेवर एका वेळी तीन माणसे हवीत : एक प्रवेशाशी, एक रंगमंच किंवा प्रदर्शनापाशी, आणि एक मोकळे, जे पाणी आणेल, निरोप नेईल, कोणाला चक्कर आल्यास धावेल. दिवसाच्या चार-चार तासांच्या दोन पाळ्या धरल्या तर चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे ४८ पाळ्या होतात. एका माणसाने दोन पाळ्या केल्या तर २४ माणसे लागतात. ऐनवेळी आजारपण, घरचे लग्न, कामावरून न मिळालेली सुट्टी यांसाठी पाव हिस्सा वाढवला की संख्या ३० होते. मांडणी, आवराआवर, वारसा फेऱ्या आणि हिशेब यांची माणसे यात धरलेली नाहीत. तीसच्या जागी अठराच नावे जमली, तर जागा चारवरून दोनवर आणाव्यात. त्याच अठरा जणांना चार पाळ्या देऊन वेळ मारून नेऊ नये. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी त्यांच्याकडून चुका होतात, आणि गर्दीही नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त असते.

नोंदणी कागदावर करावी. नाव, वय, मोबाइल क्रमांक, कोणत्या दोन पाळ्या आणि स्वतःची सही, इतके पुरे. व्हॉट्सॲपच्या गटावर अंगठ्याचे चिन्ह टाकले म्हणजे जबाबदारी घेतली, असा समज पुष्कळ गटांना महागात पडला आहे. चिन्ह टाकणाऱ्याला आपण नेमके कशाला होकार दिला, हे आठवतही नसते.

कामे वाटताना दोन गोष्टी पाहाव्यात. महाविद्यालयीन विद्यार्थी उत्साही असतात, पण सत्र परीक्षांच्या दिवसांत ते मिळत नाहीत, म्हणून तयारीची कामे त्यांच्याकडे न देता प्रत्यक्ष दिवसांच्या पाळ्या द्याव्यात. उलट, निवृत्त रहिवाशांकडे कार्यालयांत खेटे घालण्याचे काम सोपवावे; त्यांना वेळ असतो, अर्जाची भाषा येते, आणि खिडकीपलीकडच्या माणसाशी ते शांतपणे बोलू शकतात. आळीतल्या काकू-मावशींना फक्त रांगोळी आणि फराळापुरते गृहीत धरण्याची सवय सोडावी. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणते दार कधी बंद होते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक आळीची शेजारसंपर्काची जबाबदारी त्यांच्यापैकी एकीकडे असावी.

प्रत्येक जबाबदारीला एक मुख्य माणूस आणि एक पर्यायी माणूस हवा. पर्यायी माणसाकडे कागदपत्रांच्या प्रती आणि दूरध्वनी क्रमांक आधीपासून असले पाहिजेत.

> तपासणी : मुख्य संयोजक दोन दिवस दूरध्वनीवर उपलब्ध नसेल, तर काम थांबेल का? थांबणार असेल, तर वाटणी अजून झालेली नाही.

टप्पा ४ : पैसे, पावत्या आणि खाते

वर्गणी गोळा करण्याआधी ती कोणाच्या नावाने घेणार, हे ठरवावे. गट नोंदणीकृत न्यास नसेल आणि लोकांकडून देणग्या घेणार असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना ही पद्धत परिचित असते, त्यांच्यातल्या एखाद्याला सोबत घ्यावे. दुसरा मार्ग म्हणजे नोंदणीकृत मंडळाला किंवा वाचनालयाला सहआयोजक करून त्यांच्या खात्यातून आणि त्यांच्या पावतीपुस्तकावर व्यवहार करणे. मात्र त्यासाठी त्यांच्या कार्यकारिणीचा ठराव घ्यावा.

वैयक्तिक खात्यावर किंवा कोणा एकाच्या यूपीआय क्रमांकावर पैसे घेऊ नयेत. तो माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी वर्षाअखेरीस उत्तरे त्याला एकट्याला द्यावी लागतात.

अंदाजपत्रक लिहिताना कलाकारांचे मानधन सर्वांत वर न लिहिता खाली लिहावे. आधी ध्वनी आणि प्रकाश, खुर्च्या, सतरंज्या, तात्पुरता वीजपुरवठा, पाणी, स्वच्छतागृहे, प्रथमोपचार, स्वयंसेवकांचे जेवण आणि अनामत रकमा लिहाव्यात. एकूण खर्चाचा किमान दहावा भाग राखीव ठेवावा. उरेल त्यातून मानधन आणि प्रसिद्धी. प्रायोजकाने तोंडी कबूल केलेली रक्कम जमेच्या बाजूला धरू नये.

टप्पा ५ : परवानग्या

अर्ज किमान सहा आठवडे आधी द्यावेत. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक आवक-जावक विभागात देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पोच नसलेला अर्ज दिलेला धरला जात नाही. सर्व पोचपावत्या एकाच फाइलमध्ये ठेवून त्यांची छायाचित्रे पर्यायी माणसाकडेही द्यावीत.

क्रम असा ठेवावा : प्रथम जागेचे संमतीपत्र, मग महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय (मांडव, रस्त्यावरची मांडणी, स्वच्छता), त्यानंतर अग्निशमन विभाग, वाहतूक पोलिस आणि शेवटी हद्दीतले पोलिस ठाणे. ठाण्यात बाकीची ना हरकत पत्रे मागितली जातात, म्हणून तिथे आधी गेल्यास फेरी फुकट जाते. पेठांमध्ये एका गल्लीत हद्द बदलते, तेव्हा फेरीचा मार्ग फरासखाना आणि विश्रामबाग अशा दोन ठाण्यांच्या हद्दीतून जात नाही ना, हे नकाशा घेऊन आधी विचारून घ्यावे.

ध्वनिक्षेपकाविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागेवर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रात्री १२ पर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवसांसाठी असते आणि ते दिवस शासन ठरवते. आपला महोत्सव सांस्कृतिक आहे म्हणून ती आपोआप मिळत नाही. वाड्याचा चौक भिंतींनी वेढलेला असला तरी वर आकाश आहे, त्याला बंद सभागृह मानून चालू नये. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि ध्वनिक्षेपक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून १० पेक्षा अधिक वाढ चालत नाही. म्हणून मोठे दोन भोंगे लावण्यापेक्षा चार लहान स्पीकर श्रोत्यांच्या जवळ, कमी आवाजात लावावेत. रास्ता पेठेतील केईएम किंवा मंगळवार पेठेतील कमला नेहरू यांसारख्या रुग्णालयाच्या, तसेच शाळा आणि न्यायालयाच्या १०० मीटरच्या आत जागा असेल, तर शांतता क्षेत्राची चौकशी ठाण्यात आधी करावी.

नाटक किंवा एकांकिका असेल, तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आहे का, हे संस्थेला विचारावे आणि त्याची प्रत फाइलला लावावी. गाण्यांच्या बाबतीत, हौशी मंडळाने विनातिकीट श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पण व्यावसायिक वाद्यवृंद बोलावला किंवा तिकीट लावले की चित्र बदलते, आणि गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडून परवाना घ्यावा लागतो. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाकडे अन्नसुरक्षेची नोंदणी असावी. शंभरावर माणसे जमणार असतील, तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी महापालिकेला कळवून कचरा वेगळा करण्याची व्यवस्था सांगावी लागते. फलकांसाठी महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी वेगळी असते. मांडवाच्या परवानगीत ती येत नाही.

> सावधान : ठाण्यातला एखादा अधिकारी "करा, काही हरकत नाही" असे म्हणाला, तरी ते लेखी पत्र नव्हे. कार्यक्रमाच्या दिवशी बंदोबस्ताला दुसराच अधिकारी असतो.

टप्पा ६ : आता कार्यक्रम ठरवा

इथपर्यंत जागा, माणसे, पैसा आणि वेळेची मर्यादा हातात आलेली असते. आता पत्रिका त्या मापाने बेतावी. रात्री १० ची मर्यादा धरून शेवटचा कार्यक्रम साडेनऊला संपेल अशी आखणी करावी. उद्घाटनाची भाषणे पाऊण तास लांबतात, हे अनुभवाला धरून चालावे.

कारागिरांची प्रात्यक्षिके हा अशा महोत्सवाचा गाभा असतो, आणि त्यांच्याच बाबतीत आयोजक सर्वांत कमी विचार करतात. तांबट आळीतल्या कारागिराला मठारकाम (तांब्याच्या भांड्यावर ठोके देण्याचे काम) दाखवायला बोलावले, तर त्याचा तो दिवसाचा धंदा बुडतो. बुरूड आळीतल्या बांबूकाम करणाऱ्यांचेही तसेच. गायकाला मानधन आणि कारागिराला शाल-श्रीफळ ही वाटणी अन्यायाची आहे. दिवसाची मजुरी, साहित्याची किंमत आणि वस्तू विकण्यासाठी जागा, या तिन्ही गोष्टी त्याला मिळाल्या पाहिजेत. शक्य असेल तर त्याला मांडवात न आणता लोकांना त्याच्या दुकानापर्यंत न्यावे; ऐरण, भट्टी आणि हत्यारे तिथेच असतात. मात्र ठोक्यांच्या आवाजात फेरीच्या मार्गदर्शकाचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून माहिती गल्लीच्या तोंडाशी सांगून मग आत जावे.

वारसा फेरीत एका गटात २० ते २५ माणसेच घ्यावीत. पुढे मार्गदर्शक, मागे स्वयंसेवक, आणि दोन गटांत किमान २० मिनिटांचे अंतर. मार्गदर्शकाचा मजकूर लिहून घेऊन त्यातील प्रत्येक विधानापुढे कागदोपत्री आधार, परंपरा किंवा लोककथा यांपैकी एक खूण करावी. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३०ची, वास्तुशांत १७३२ची, १७७३मध्ये तिथे झालेला नारायणरावांचा खून आणि १८२८ची आग या नोंदलेल्या घटना आहेत. अमावास्येच्या रात्री ऐकू येणाऱ्या हाका ही लोककथा आहे. ती सांगायला हरकत नाही, पण लोककथा म्हणूनच सांगावी.

टप्पा ७ : जुन्या इमारतीत मांडणी

महोत्सवाच्या दहा दिवस आधी बांधकामाची जाण असलेल्या व्यक्तीला घेऊन जागेची फेरी मारावी. वरचा मजला प्रेक्षकांसाठी बंद ठेवावा. लाकडी तुळया आणि तक्तपोशी (तुळयांवरच्या फळ्या) घरातल्या माणसांचा भार पेलत आली असली, तरी एका जागी उभ्या राहिलेल्या साठ-सत्तर माणसांचा भार वेगळा असतो, आणि कोरीव काम पाहायला सगळे एकाच खणात गोळा होतात.

खांबांना खिळे मारू नयेत. चुन्याच्या गिलाव्यावर चिकटपट्टी लावू नये. ती काढताना गिलावा सोबत येतो. चित्रे आणि माहितीफलक स्वतंत्र उभ्या चौकटींवर टांगावेत. पणत्या दगडी पायऱ्यांवर थेट न ठेवता खाली ताटल्या ठेवाव्यात, कारण तेलाचा डाग दगडातून निघत नाही. लाकडी भागाजवळ उघडी ज्योत मुळीच नको.

वाड्याच्या जुन्या वायरिंगवर दिवे आणि ध्वनियंत्रणा जोडू नये. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी किंवा जनरेटर आणावा, आणि तो दिंडी दरवाजाच्या बाहेर, धूर आत येणार नाही असा ठेवावा. अग्निशामक नळकांड्यांवरची मुदतीची तारीख वाचावी.

> तपासणी : दिंडी दरवाजा हाच एकमेव मार्ग आहे का? दुसरा मार्ग नसेल, तर एका मिनिटात जितकी माणसे न धावता बाहेर पडू शकतात, तितकीच आत घ्यावीत. स्वयंसेवकांना घेऊन हे एकदा प्रत्यक्ष करून पाहा.

उंबरे उंच असतात. ज्येष्ठांसाठी आणि चाकांच्या खुर्चीसाठी लाकडी उतार करून घ्यावा, आणि उंबऱ्याच्या कडेला पांढरी पट्टी असलेली चटई टाकावी.

टप्पा ८ : प्रसिद्धी

चार आठवडे पुरे आहेत. भित्तिपत्रकावर वेळ, जागेची खूण, गाड्या कुठे लावाव्यात आणि नावनोंदणी लागते की नाही, इतके ठळक हवे. सर्वांत आधी पत्रक शेजाऱ्यांना, घरोघरी जाऊन, हातात द्यावे. त्यावर ध्वनिक्षेपक बंद होण्याची वेळ आणि तक्रारीसाठी एका जबाबदार माणसाचा क्रमांक छापावा.

टप्पा ९ : प्रत्यक्ष दिवस

सकाळी पहिल्या पाळीआधी दहा मिनिटांची उभी बैठक घ्यावी. प्रत्येक स्वयंसेवकाच्या खिशात एक कागद असावा : त्याची जागा, वेळ, त्याला सोडवायला येणाऱ्याचे नाव, जागेचा पूर्ण पत्ता, आणि ११२, १०१ व १०८ हे क्रमांक. घाबरलेल्या माणसाला रुग्णवाहिकेला पत्ता सांगता येत नाही, म्हणून तो लिहिलेलाच हवा.

परवानग्यांची मूळ फाइल एका ठरावीक टेबलावर, एका ठरावीक माणसाकडे राहावी. जानेवारीच्या संध्याकाळी गारव्यामुळे तंबोरे आणि तबल्यांचा सूर हलतो. कलाकारांना किमान अर्धा तास आधी बंदिस्त खोली द्यावी. स्वयंसेवकांना जेवायला पाळीनेच पाठवावे, आणि ज्येष्ठांशी बोलताना "आजोबा, इकडून या" इतकी आपुलकी पुरते. ओरडून रांगा लावू नयेत.

पावणेदहाला एका नेमलेल्या माणसाने निवेदकाला खूण करावी आणि दहाच्या आत ध्वनियंत्रणेची वीज काढावी. हा अधिकार त्या माणसाला आधीच्या बैठकीत सर्वांसमक्ष दिलेला असावा. समोर थोर गायक भैरवी गात असताना खूण करण्याचे धैर्य तेवढ्यानेच येते.

टप्पा १० : जागा परत देणे आणि हिशेब

आवराआवरीसाठी वेगळी, ताजी माणसे ठेवावीत. मांडणीआधी काढलेली छायाचित्रे हातात घेऊन मालकांसोबत प्रत्येक भाग पाहावा, झालेली मोडतोड स्वतःहून दाखवावी, दुरुस्तीची तारीख लिहून द्यावी आणि जागा परत मिळाल्याची सही घ्यावी. ओला आणि सुका कचरा त्याच रात्री वेगळा करून ठेवावा.

पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च पूर्ण करून देणगीदार, वाडामालक आणि स्वयंसेवक या सर्वांना पाठवावा. कारागिरांचे पैसे मात्र त्याच दिवशी, निघताना, हातात किंवा खात्यात दिलेले असावेत. त्यानंतरच्या बैठकीत प्रत्येक जागेच्या प्रमुखाने एक पान लिहून आणावे : किती माणसे आली, कोणत्या वेळी माणूस कमी पडला, कोणत्या शेजाऱ्याची काय तक्रार होती, कोणत्या कार्यालयात कोणता कागद वाढीव मागितला गेला. ही पाने परवानग्यांच्या फाइललाच लावून ती फाइल पुढच्या वर्षीच्या संयोजकाकडे सोपवावी, आणि मिळाल्याची सही त्याच्याकडूनही घ्यावी.